सव्वा सुताची चावी

आधीच सांगून टाकतो, या सदरात येतात तसल्या चमत्कारांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. सदर वाचते माझी बायको, वैशाली. जेवताना ती मोठ्याने वाचते आणि मी भाकरीबरोबर गिळतो. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, कड्या-कोयंडे. दुकानाला लिंबू-मिरची कधी लागली नाही. शटर अडकलं तर त्याला ग्रीस लागतं, नजर नाही, असं मी मानतो. आजही मानतो. तरी हे लिहायला बसलो, कारण वैशाली म्हणाली, "तुमी नाई लिहिलं तं मी लिहीन, अन् मंग मी तुमच्या खोटं बोलन्याचंबी लिहीन." ते खोटं कुठलं, ते पुढे येईलच.

गोष्ट गेल्या एप्रिलची. अकोल्याचा एप्रिल कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. माझी आई, इंदूबाई, वय चौऱ्याहत्तर, गच्चीवर कुरडया वाळत घालून परत येत होती. शेवटच्या पायरीवर तोल गेला. मी धावत गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, उजवा पाय विचित्र वळलेला, आणि पहिलं वाक्य काय? "संजू, वरच्या कुरडया कावळे नेतीन, पाह्य बरं जाऊन."

त्याच मांडीचं हाड अकरा वर्षांपूर्वी दर्यापूरला, आमच्या शेतातल्या घरी असताना मोडलं होतं. तेव्हा बाबांनी तिला अमरावतीला नेलं होतं आणि तिथे खुब्याजवळ स्टीलची पट्टी आणि स्क्रू टाकून हाड जोडलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं ती अशी चालली की पायात लोखंड आहे हे आम्ही विसरून गेलो. आता हाड मोडलं ते बरोबर त्या पट्टीच्या खालच्या टोकाशी.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काचेवर लावला. डॉक्टर तरुण, पस्तिशीचे, बोलायला साधे. म्हणाले, "पट्टी असते तिथपर्यंत हाड भक्कम, आणि पट्टी संपते तिथे सगळा ताण येतो. म्हणून मोडलं की तिथेच मोडतं. आता जुनी पट्टी काढायची आणि पार गुडघ्यापर्यंत जाणारी लांब पट्टी टाकायची, वर हाडाभोवती तारा आवळायच्या."

हे मला एका दमात समजलं. दाराच्या जुन्या बिजागरीशेजारी लाकूड फाटलं तर आम्हीही हेच सांगतो, जुनी काढा आणि लांब टाका. मग तोंडातून सवयीचा प्रश्न गेला. "काढाले चावी कोणती लागते?"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "एवढाच तर प्रश्न आहे. स्क्रूचं डोकं एक्स-रेत आडवं दिसतं, खाच दिसत नाही. कागद आहेत का तेव्हाचे?"

कागद दर्यापूरच्या घरी होते आणि ते वाळवीने खाल्ले होते. अमरावतीचा तो दवाखाना बंद पडून जमाना झाला होता. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर वारले होते. आणि त्या वेळी धावपळ केली ते माझे बाबाही सहा वर्षांपूर्वी गेले.

"बहुतेक साडेतीन एमेमची षटकोनी असते," डॉक्टर म्हणाले. "पण त्या काळात इकडे कुठून कुठून सामान यायचं, सांगता येत नाही."

बहुतेक! या शब्दाची मला भीती वाटते. दुकानात 'बहुतेक बसेल' म्हणून नेलेली चावी दुसऱ्या दिवशी परत येते आणि तिच्याबरोबर डोकं गोल झालेला स्क्रू येतो. चावी थोडी जरी सैल असली तरी जोर लावला की खाचेचे कोपरे झिजतात. मग तो स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो, ड्रिलने डोकं उडवावं लागतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. असे दोन-तीन स्क्रू घसरले तर दीड तासाचं ऑपरेशन चार तासांवर जाईल. आणि आईचं हृदय अर्ध्या ताकदीवर चालत होतं. भूल देणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "दोन तासांपर्यंत मी सांभाळते. त्याच्यापुढे मी शब्द देऊ शकत नाही." ऑपरेशन करू नये म्हटलं तर आई अंथरुणाला खिळणार, आणि या वयात अंथरुणाला खिळलेलं माणूस किती दिवस काढतं ते मी गल्लीत पाहिलेलं आहे. म्हणजे माझ्या आईचा जीव एका चावीवर आला होता, आणि चाव्या विकणारा मी, मला ती माहीत नव्हती. मला त्या दिवशी रडायला आलं, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी अकराला ठरलं. वैशाली आईजवळ थांबली. मीही थांबत होतो, पण आईने हाकललं. "इथं बसून मायं तोंड काय पाहून राहिला? दुकान उघड जाय." गेलो. तिच्यापुढे बाबांचं काही चाललं नाही, माझं काय चालणार.

दुपारचे अडीच असतील. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी काउंटरवर डोकं टेकून बसलो होतो, तेवढ्यात एक म्हातारा आला. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला, पिंढऱ्यांपर्यंत धूळ. सत्तरीच्या पुढचा असावा. मी त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने मुठीतून एक स्क्रू काढून काउंटरवर ठेवला.

इथे एक सांगायला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक माप सांगत नाही, नमुना आणतं. मोडका बोल्ट, तुटकी कडी समोर ठेवायची आणि म्हणायचं, 'असाच द्या.' त्यामुळे म्हाताऱ्याचं मला काहीच विशेष वाटलं नाही.

"याले कोनती चावी लागते, पाहा बरं," तो म्हणाला.

"कशाचा आहे?"

"लावेल हाये. काढाचा हाये."

मी न बघताच साडेतीनची अॅलन चावी खाचेत घातली. गेली. "ही चालते, घ्या."

म्हाताऱ्याने चावी दोन बोटांनी हलवून पाहिली, ती खाचेत सैल हलत होती. "जाते. पन खेयते."

मला राग आला. एक तर उकाडा, त्यात डोक्यात आईचं, आणि हा बाबा मला शिकवतो! चारची लावली, ती आत जाईना. ताऱ्याच्या आकाराची लावली, तीही नाही.

"इंचाची पाहा ना, भाऊ," तो शांतपणे म्हणाला.

इंचाच्या चाव्या आता कोण मागतं? खालच्या ड्रॉवरमध्ये बाबांच्या वेळच्या पडलेल्या होत्या. आमच्या धंद्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. एक सुताची सैल झाली. सव्वा सुताची घातली आणि ती अशी बसली की स्क्रू उलटा धरला तरी पडेना. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"हां. आता लिहून ठेवा. सव्वा सूत."

"मी कशाले लिहू? चावी तुम्हाला पाहिजे ना?"

"लिहून ठेवा तुमी," तो म्हणाला. मग दुपट्ट्याने तोंड पुसत त्याने विचारलं, "पानी भेटन का, भाऊ?"

आणि मी म्हणालो, "जार संपला. बाजूच्या हॉटेलात पाहा."

जार संपला नव्हता. निम्मा भरलेला होता, मागच्या खोलीत. मला उठायचा कंटाळा आला होता. वैशाली म्हणते ते खोटं हे.

म्हाताऱ्याने दुपट्टा खांद्यावर टाकला. "येतो," म्हणाला आणि गेला. स्क्रू तिथेच राहिला, चावीही नेली नाही. गिऱ्हाइकं नमुने विसरतातच, मी तो उचलून खोक्यात टाकणार, एवढ्यात हात थांबला. स्क्रूवर गंजाचा ठिपका नव्हता. आटे विरळ आणि रुंद, पार टोकापर्यंत गेलेले. लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही, पत्र्याचा नाही. तीस वर्षं स्क्रू विकतो आहे, हा माल मी कधी विकला नव्हता. पण कुठेतरी पाहिला होता... आणि मग आठवलं कुठे. सकाळीच. आईच्या एक्स-रेत.

मी काउंटर ओलांडून रस्त्यावर आलो. शेजारी रफीकभाईंचं लेथ मशीनचं दुकान आहे. बाबा होते तेव्हापासून ते आमचे शेजारी. ते दारातच बसले होते.

"रफीकभाई, आता एक म्हातारा गेला, पाहिला का?"

"धोतीवाले बाबा? अब्बी तो गये, पुल के तरफ. काहून, कुछ भूल गये क्या?"

म्हणजे म्हातारा रफीकभाईंनीही पाहिला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला उन्हाने भास झाला असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मोर्णा नदीच्या पुलापर्यंत मी पळत गेलो. सरळ रस्ता आहे, सावलीला झाड नाही. पुलावर कोणी नव्हतं. बाजूच्या हॉटेलातही कोणी पाणी प्यायला आलं नव्हतं.

तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी स्क्रू हातात घेतला आणि दिव्याखाली फिरवून पाहिला.

"हा हाडाचाच आहे. जुन्या पद्धतीचा. कुठे मिळाला?"

घडलं ते सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत, पण घाबरलेही नाहीत. म्हणाले, "हे बघा, याचा तुमच्या आईशी काही संबंध असेलच असं नाही. पण इंचाचा स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवला तर बिघडतं काय? माझ्या पेटीत तो नाही, हे मात्र नक्की."

अमरावतीला ऑपरेशनचं सामान विकणारे त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडून गृहस्थ म्हणाले, "सव्वा सुताचा? बाप्पा! सायेब, बाबा आदमच्या जमान्यातला मांगून राहिले तुमी. थांबा, पाहतो." अर्ध्या तासाने फोन आला, सापडला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीच्या कंडक्टरजवळ त्यांनी पुडकं दिलं आणि रफीकभाई स्वतः स्टँडवर जाऊन ते घेऊन आले. दवाखान्याच्या दारात देताना म्हणाले, "संजूभाई, भाभीजान को बोलो, रफीक दुआ कर रहा." आईला ते पहिल्यापासून भाभीजानच म्हणतात. स्क्रू-ड्रायव्हर उकळत्या वाफेच्या यंत्रातून निघाला आणि आईच्या आधी आत गेला.

अकरा वाजता आईला नेलं. स्ट्रेचरवरून तिने वैशालीला बजावलं की कुरडया डब्यात भरताना तळाला कागद घाल. दार बंद झालं. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. दोन तास म्हणजे एक वाजता. साडेबारा झाले, पावणेएक झाला. रफीकभाई माझ्या शेजारी बसून होते, त्यांनी दुकान उघडलंच नव्हतं. एकला पाच कमी असताना दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"झालं. आई एकदम ठीक."

 रफीकभाईंनी मला कवेत घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या स्क्रूला मी आपली साडेतीनची लावून पाहिली. आत गेली हो... जाते, पण खेळते. जोर दिला असता तर घसरलीच असती. मग तुमचा तो इंचाचा घेतला. एकामागून एक सगळे सरळ आले. असं सहसा होत नाही."

'जाते, पण खेळते.' डॉक्टरांना मी म्हाताऱ्याची सगळी हकीकत सांगितली होती, पण हे शब्द सांगितले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की काट्याकडे बघायला सवड नव्हती. काढलेले स्क्रू त्यांनी ट्रेमध्ये दाखवले. माझ्या खिशातला त्यांच्याशेजारी ठेवला. तेच डोकं, तेच आटे, डोक्यावर तीच बारीक खूण. फक्त माझा थोडा लांब होता.

आई पंधरा दिवसांनी घरी आली. चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं. तिने बशी खाली ठेवली.

"तसा इस्कुरू तं तुया बाबानं आनला होता," ती म्हणाली.

"कुठून?"

"अमरावतीहून. माया आपरेशनात एक लांब पडला म्हने, म्हून डाक्टरनं काहाडून दुसरा टाकला. तुया बाबाले राहावते का? 'मले द्या तो, मी पाहतो कसा हाये,' म्हने. डाक्टर हासला अन् देऊन देला. मंग ठेवला असन त्याइच्या नमुन्याच्या डब्यात."

बाबांचा नमुन्यांचा डबा! गिऱ्हाइकाने विसरलेला प्रत्येक नमुना बाबा जपून ठेवत. नुसता नाही, तारेने बांधून, तारेला चिठ्ठी लावून. कोणाचा, कशाचा, काय लागतं. मी त्यांना हसायचो. ते गेल्यावर तो डबा दुकानाच्या माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मी आणि रफीकभाईंनी तो खाली काढला. वर बोटभर धूळ, झाकण गंजून पक्कं झालेलं. रफीकभाईंनी छिन्नी लावली तेव्हा उघडलं. आत शे-दीडशे नमुने होते, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. 'भुजाडे, विहिरीची मोटर.' 'पठाण, बैलगाडीचा आख.' आणि तळाशी एक चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, बाबांच्या गोल अक्षरात.

'इंदूचा पाय. अमरावती. लांब पडला म्हणून बदलला. चावी सव्वा सूत.'

चिठ्ठी होती. तिला बांधलेली तार होती. तारेचा फास होता, पीळ घट्ट, जसा बाबा पकडीने मारायचे तसा. आणि त्या फासात काहीच नव्हतं.

मी डबा पोत्यावर उलटा केला. सुटा स्क्रू एकही नव्हता. मग खिशातला स्क्रू त्या फासातून घालून पाहिला. गळ्याशी फास बरोबर बसेल एवढाच, पण त्यातून ना डोकं जात होतं, ना रुंद आटे. पीळ उलगडल्याशिवाय स्क्रू आत जात नव्हता, म्हणजे बाहेरही येत नसणार. रफीकभाईंनी चष्मा लावून तो पीळ बराच वेळ पाहिला. आयुष्य धातूत गेलेला माणूस. म्हणाले, "तार को हात नई लगा किसी का." 

घरी येऊन आईला चिठ्ठी दिली. तिने ती दोनदा वाचली आणि चोळीत ठेवून दिली. मी भीतभीत विचारलं, "आई, ते... बाबा तर नसतील?"

"हट्!" आई म्हणाली. "तुयाकून चावी चारदा चुकली न? ते असते तं तुले शिव्या देल्ल्याबिगर गेले असते काय?"

वैशालीला हसू आवरेना. मलाही पटलं. शिवाय चेहरा बाबांचा नव्हताच. मग कोण होता? बार्शीटाकळीपासून अमरावतीपर्यंत ज्यांना ज्यांना विचारता आलं त्यांना विचारलं. त्या बंद पडलेल्या दवाखान्यात काम केलेली एक जुनी सिस्टरही शोधून काढली. असा माणूस कोणालाच आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, योगायोग, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. तसाच दुसरा स्क्रू त्या म्हाताऱ्याजवळ असू शकतो, हे मी मानायला तयार आहे. मग बाबांचा कुठे गेला? आणि तो घट्ट पिळाचा फास रिकामा कसा? 

आईला मात्र उत्तर नको होतं. तिने तेव्हा वेगळंच विचारलं.

"उन्हाचा आला होता न तो? पानी पाजलं का त्याले?"

मी खाली पाहिलं. आईला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती रागावली नाही. बाबांच्या वेळी दुकानाबाहेर माठ असायचा. तो फुटल्यावर मी जार आणला आणि मागच्या खोलीत ठेवला, कारण बाहेर ठेवला तर सगळा रस्ता पाणी पितो.

आता बाहेर माठ आहे. आई वॉकर घेऊन चालते, आणि गुरुवारी रिक्षाने दुकानात येऊन त्या माठाशेजारी खुर्ची टाकून बसते. रस्ता पाणी पितो. स्क्रू मी काउंटरवरच्या वाटीत ठेवला आहे, सव्वा सुताच्या चावीसकट. तो म्हातारा 'येतो' म्हणून गेला होता. आला तर त्याचा नमुना त्याला मिळाला पाहिजे.

अजून आलेला नाही. पण कोणी म्हातारा माणूस मुठीत काहीतरी घेऊन पायरी चढला की मी चाव्यांकडे हात नेतो, आणि खुर्चीतून आईचा आवाज येतो, "चावी मंग पाहजो. पयले पानी दे."